गूगल मॅपवर कोपी दिसते का साहेब?

आज १४ जानेवारी, आमचा भूगोल दिन. वाण, तिळगूळ सगळं सासूबाईंवर टाकून सकाळीच कॉलेज गाठलं. पोरींनी रांगोळीत महाराष्ट्राचा नकाशा काढलेला, एकदम झकास, कोकणची किनारपट्टीसुद्धा नीट दातेरी. आणि प्रमुख पाहुणे माईक हातात घेऊन काय म्हणाले, तर "आमच्या वेळी भूगोल म्हणजे नकाशे भरायचे आणि राजधान्या पाठ करायच्या, आता खिशात गूगल मॅप आहे, मग या विषयाच्या लोकांनी करायचं काय, हा हा हा." आणि स्टाफ हसला. आमचा स्टाफ! नाव लिहीत नाही, संक्रांत आहे, गोड बोलायचंय.

तसं यात नवीन काय म्हणा. २०२० ला लॉकडाऊनमुळे दहावीचा एकच पेपर राहिला होता, भूगोलाचा. बोर्डाने रद्दच केला आणि बाकीच्या पेपरांची सरासरी काढून मार्क देऊन टाकले. परिस्थितीच तशी होती, मान्य. पण त्यावर जे विनोद फिरले ना, की बरं झालं भूगोलच होता, ते मला माझ्याच भावाने फॉरवर्ड केले होते.

मी मानवी आणि आर्थिक भूगोल शिकवते. वीसेक वर्षं झाली. ऊस पट्ट्यातलं कॉलेज, नगर जिल्हा. (अहिल्यानगर म्हणायचं आता, माहितीये, जीभ वळत नाही.) हे सांगायचं कारण म्हणजे एक वर्ग. बरीच वर्षं झाली, एस.वाय.ला वेबर शिकवत होते. आल्फ्रेड वेबर, जर्मन माणूस, १९०९ साली त्याने उद्योग कुठे उभे राहतात याचा सिद्धांत मांडला. आमच्याकडे तो समजवायला फळ्याचीही गरज पडत नाही, खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. १०० किलो उसातून साखर निघते जेमतेम १०-११ किलो, मग उरलेलं वजन उगाच कशाला वाहायचं, म्हणून कारखाना उसाजवळ. त्यात तोडलेला ऊस वाळतो, उतारा (उसातून निघणारी साखर) घसरतो, म्हणून आणखी जवळ. पोरांना हे पटकन कळतं, निम्म्यांच्या घरी ऊसच असतो. मग मी वेबरची गृहीतकं सांगितली. त्यातलं एक असं की मजूर आपापल्या जागी असतात, हलत नाहीत आणि त्या जागी हवे तेवढे मिळतात.

शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. बीडकडची, पाटोदा तालुका, हॉस्टेलला राहायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. म्हणाली, "मॅडम, मजूर हलत नाहीत, तर माझे आईबाप आत्ता कारखान्याच्या मागं कोपीत कसे काय?" (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी.)

वर्ग हसला. (हसण्याची सवय सगळीकडेच.) मी त्यांना गप्प केलं आणि तिला म्हटलं, ये पुढे, तूच सांग. आणि तिने सांगितलं. दिवाळी झाली की मुकादमाचा, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती पावसाळ्यातच संपलेली असते, त्यामुळे हंगामभर फेडायचीच. डोकी सेंटरला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, गाडी सेंटरला बैलं सांभाळायची. रात्री दोनला गाडी आली तर रात्री दोनला भरायची, कारण उतारा घसरतो ना! जो मुद्दा मी दहा मिनिटांपूर्वी इतका हुशारीने शिकवला होता, त्याचं दुसरं टोक तिच्या आईच्या डोक्यावर होतं. आणि दांडी मारली की खाडा, म्हणजे उलटा दंड. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, असंच.

तर साहेब, हा भूगोल आहे. दाखवा तुमच्या गूगल मॅपवर. पाटोद्याहून कारखान्यापर्यंतचा रस्ता दाखवेल तो, टोलसकट दाखवेल. त्या रस्त्याने कोण जातं, कोणाच्या पैशावर जातं, मागे म्हातारी आणि शेळी का राहते आणि बारा वर्षांच्या पोराला शाळा सोडून धाकटीला सांभाळायला बरोबर का नेतात, हे दाखवतो का? ऊस तुमच्या तालुक्यात आणि तोडणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, हे काय आभाळातून पडलं? पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, इकडे पाथर्डी, सगळा अवर्षणाचा डोंगराळ भाग. कालव्याचं पाणी एकीकडे गेलं आणि माणसं पाण्यामागे गेली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा शेतकरी मालक झाला, फार मोठी गोष्ट होती ती, मी वर्गात अभिमानाने सांगते. पण तोडणारा कारखान्याचा सभासद नाही आणि कारखान्याचा कामगारही नाही, तो मुकादमाचा. दरवर्षी हे सांगताना माझा आवाज चढतो, पोरं एकमेकांकडे बघतात.

२०१९ ला बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांना केवढा धक्का बसला होता. खाडा माहीत असलेल्या कोणालाही विचारायचं, पाळीच्या दिवसात फडावर, म्हणजे उसाच्या रानात, काय होतं ते. दांडी पडली की खाडाच. नंतर समिती नेमली गेली, ते बरंच झालं.

आता थोडं शांतपणे लिहिते, चहा घेतला मध्ये.

पाहुण्यांचं एक बरोबर आहे, आमच्यातले काहीजण खरंच पिवळ्या पडलेल्या नोट्सवर पंचवीस वर्षं काढतात आणि पोरांना वाटतं हाच विषय. जीआयएस (संगणकावरचे नकाशे), उपग्रह चित्रं हे यायलाच पाहिजे, मी स्वतः चाळिशीत शिकले, डोळे गेले. पण हे सगळे थोर लोक काय घरात बसून थोर झाले का? फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदाराने शेतीचा सिद्धांत १८२६ साली मांडला तो स्वतःच्या टेलोच्या जमिनीचे पैशापैशाचे हिशेब ठेवून. आपले भूगोलतज्ज्ञ सी. डी. देशपांडे १९४१ मध्येच मुंबई कर्नाटकातल्या (तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला कन्नड भाग) बाजारगावांवर आणि जत्रांवर लिहून गेलेत. सोमवारी या गावचा बाजार, मंगळवारी त्या, भांडीवाला, मसालेवाला तोच, गाव फक्त बदलतं, कारण एका गावाच्या गिऱ्हाइकावर त्याचं पोट भरत नाही. एवढं कळायलाही बाजारात जाऊन उभं राहावं लागतं.

आणि जायचं तर कसं जायचं? आमची सकाळ जाते नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलीत. ट्रिपला परवानगी मागितली की विचारतात महाबळेश्वर का नाही, पोरं खूश होतील. संशोधन म्हणाल तर पेपर "कुठे" छापला याचे गुण, काय लिहिलं ते कोण वाचतंय. स्थलांतरावर काम करणाऱ्याने आकडे आणायचे कुठून? शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. मी आजही वर्गात २०११ चे तक्ते दाखवते आणि समोर बसलेली पोरं तेव्हा बालवाडीत होती. त्यातही २०११ ची माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारीत. फेब्रुवारी! गळीत हंगाम ऐन भरात, बीडकडच्या वाड्या-तांड्यांवर दाराला कुलूप. स्थलांतराच्या कारणांमध्ये रोजगार आहे, लग्न आहे, शिक्षण आहे, सहा महिन्यांसाठी जाऊन परत येणारा हंगामी माणूस वेगळा दाखवायला रकानाच नाही. आता पुढची येतीये, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, म्हणजे मोजणी परत फेब्रुवारीतच. देशाचं वेळापत्रक काय आमच्या उसावर ठरणार नाही, ठीक आहे, पण मग हे बोलायला तरी भूगोलवाला जागेवर हवा ना.

तो कुठे आहे सांगते. ती पाटोद्याची मुलगी एम.ए. झाली, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली, पहिल्या प्रयत्नात. आता ती तासिका तत्त्वावर शिकवते, दोन कॉलेजांत, मधलं अंतर एसटीने. जितके तास तितके पैसे, मे महिन्यात काही नाही, बिलं निघतात ती कधी दिवाळीनंतर. कायम जागेचं विचारलं की एका ठिकाणी आकडा सांगितला. कसला आकडा ते इथल्या सगळ्यांना कळतं. मागे फोनवर मला म्हणाली, "मॅडम, कोयत्याला निदान उचल तरी मिळते." मी म्हटलं असं बोलू नये, आईचे हात बघ आणि तुझे बघ. म्हणाली, आईचेच बघून बोलतेय.

यावर काय बोलणार. आज ते हा हा हा ऐकताना मला हीच पोर आठवत होती. वेबरच्या गृहीतकावर वर्गात बोट ठेवणारी मुलगी हाताशी असताना तिला द्यायला या राज्यात जागा नाही, आणि व्यासपीठावर बसून विषयाचं काय करायचं विचारतात!

असो. राग आला की मी फार लिहिते, नवरा म्हणतोय आता पुरे.

एकच काम सांगते. मित्रयादीत शिक्षक बरेच आहात, फेब्रुवारी २०२७ ला प्रगणकाची ड्युटी तुमच्यातल्याच कित्येकांना लागणार. तुमच्या भागात कारखाना असेल तर तळावरच्या कोप्या सोडू नका. दिवसा गेलात तर कोणी भेटायचं नाही, सगळे फडावर असतात, अंधार पडल्यावर जा. बायका चुलीपाशी असतात, वाढे (उसाचे शेंडे) विकून पुरुष परत आलेले असतात. पोरं सगळी धरून मोजा, झोळीतलं तान्हंसुद्धा. आणि गाव विचाराल तेव्हा मुकादमाचं नको, त्यांचं स्वतःचं लिहा.