टेस्लाच्या मांडीवर पुऱ्या

लेकीकडे अमेरिकेला आलेल्या आईबापांना नायगारा चुकत नाही. मला मात्र धबधब्याहून ओढ होती ती तिथल्या गोट आयलंडवरच्या (मराठीत शेळी बेट, असो) निकोला टेस्लाची. एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज दूरवर पोचवण्याची पद्धत शोधणारा संशोधक. फ्रानो क्रशिनिचने घडवलेला हा पुतळा युगोस्लाव्हियाने 1976 साली भेट दिला. खाली मान घालून, मांडीवरचे कागद वाचत बसलेला टेस्ला. तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची गुरगुर ऐकत नोकरी केलेल्या माणसाचं हे पंढरपूरच.

त्या कागदांवर एक पर्स, दोन जॅकेटं आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता.

"मराठी का? वा! जरा आमचे फोटो काढा," म्हणत एका गृहस्थांनी फोन माझ्या हातात कोंबला. "आम्ही दोघं, आणि मागे धबधबा." तेवीस फोटो झाले. एकातही धबधबा धड आला नाही, आणि तो माझा दोष ठरला.

"हे कोण पण?"

"टेस्ला."

"हां! जावयाकडे आहे. पांढरी."

"अहो, गाडी नव्हे. आपल्या घरातली एसी वीज..."

"आमच्याकडे एसी फक्त बेडरूममध्ये."

मी चिकाटीने सांगत राहिलो. इथल्याच पाण्यावरची वीज 1896 च्या नोव्हेंबरात वीसेक मैलांवरच्या बफेलोला पोचली, ती याच्या पद्धतीने. रॉयल्टी मिळायची, तीही वेस्टिंगहाउस कंपनीला सोडून दिली. 1943 साली न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत एकटाच गेला.

"मूलबाळ?" वहिनींनी पुरी मोडत विचारलं.

"लग्नच केलं नाही."

"स्थळं आली नसतील का हो?"

रात्री त्याच धबधब्यावर रंगीत दिवे सोडतात तेव्हा हजार माणसं "आहाहा" करतात. दिवा लागतो कशामुळे, याचं कुणाला काही नाही. आमच्याकडेही तेच. वीज असली की ती आपोआप असते. गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार. ऐन पावसात खांबावर चढणाऱ्याला कुणी कधी चहा विचारला? मला तरी आठवत नाही.

शेवटी माझा फोटो त्यांनी काढला. एकच. त्यात पूर्ण मी, टेस्लाचे गुडघे आणि कोपऱ्यात गृहस्थांचा गुलाबी अंगठा. टेस्लाचं डोकं नाही.

फोटो पाठवण्यापुरता नंबर दिला, तर मी आता त्यांच्या 'अमेरिका दर्शन' ग्रुपात आहे. काल तिथे फोटो पडला : "टेस्ला गाडीच्या मालकाच्या आजोबांसोबत." खाली एकोणीस अंगठे. विसावा माझ्याकडे आहे.