"अभ्यास वाढवा" म्हणणाऱ्यांना

निकेल डायथायोकार्बामेट (सल्फरवाल्या दोन रेणूंनी धरलेलं निकेल) या संयुगावरच्या माझ्या पोस्टमध्ये मी त्याचा आकार चौरस-समतल, म्हणजे निकेलभोवती चार सल्फर एकाच पातळीत चौकोनात, असा सांगितला होता. त्याखाली एका वाचकांची कमेंट आलीय, "हिरवा साका पडला म्हणून चौरस-समतल ठरवणं हा विनोद आहे, अभ्यास वाढवा." शिवाय एका क्रिस्टलवरून अख्ख्या पावडरीचं कसं सांगता, आणि कार्बन डायसल्फाइडच्या धोक्याबद्दल अवाक्षर नाही, असंही म्हणणं आहे.

आधी माझी चूक. निकेल-सल्फर अंतर २.२० नॅनोमीटर छापलं गेलं, ते अँगस्ट्रॉम हवं होतं, दहापट घोळ, दुरुस्त केलाय. झालं समाधान?

आता विनोद. साहेब, मी कुठेही रंगावरून आकार ठरवलेला नाही, पोस्ट परत वाचा, म्हणजे आधी वाचली असेल तर. मी एमएस्सीला असताना डायइथिलअमाइन, कॉस्टिक सोडा आणि सीएस-टू (कार्बन डायसल्फाइड) बर्फात ठेवून लिगंड, म्हणजे निकेलला धरणारा रेणू, स्वतः केलाय, निकेल क्लोराइडच्या पाण्यात त्याचा थेंब पडला की दह्यासारखा घट्ट हिरवा साका क्षणात येतो, फिल्टर पेपर चोंदतो, हाताचा वास दोन दिवस जात नाही आणि मेसमध्ये शेजारी कोणी बसत नाही. नंतर गॉय बॅलन्सवर (चुंबकाजवळ पदार्थाचं वजन किती बदलतं ते मोजणारा तराजू) पावडरीची नळी लावली, मॅग्नेट चालू केला आणि वजन वाढायच्याऐवजी किंचित कमी झालं. म्हणजे डायमॅग्नेटिक, चुंबक त्याला किंचित दूर ढकलतो, जोडीविना सुटा इलेक्ट्रॉन एकही नाही. डी-आठ (डी कक्षेत आठ इलेक्ट्रॉन असलेलं) निकेल चतुष्फलकीय, म्हणजे चार सल्फर चार दिशांना पसरलेले, असता तर दोन सुटे राहिले असते आणि नळी खाली ओढली गेली असती. आयआरमध्ये (इन्फ्रारेड तपासणीत) १००० सेमी⁻¹ च्या आसपास सी-एस (कार्बन-सल्फर) बंधाचा एकच पट्टा, दुभंगलेला नाही, म्हणजे लिगंडचे दोन्ही सल्फर निकेलला धरून आहेत. क्रिस्टलचा एक्स-रे नंतर आला, त्यात निकेल सममितीच्या केंद्रावर बसलेला, म्हणजे चारही सल्फर एका पातळीत, आणि एका लिगंडचे दोन सल्फर निकेलपाशी जेमतेम ७९ अंशांचा कोन करतात, ९० नाही, चार जणांच्या अंगठीत (निकेल, दोन सल्फर, एक कार्बन) जागाच तेवढी. याला तुम्ही साका बघून ठोकलेला अंदाज म्हणता?

आणि हे "अभ्यास वाढवा" कोणाला म्हणताय, तो क्रिस्टल वाढवायला मी क्लोरोफॉर्म-अल्कोहोलच्या बाटल्या तीन आठवडे खिडकीत ठेवल्या होत्या, दोनदा कोणीतरी कचरा समजून फेकल्या. वरणभाताचा कुकर लावल्यासारखं नसतं हो ते. तुम्ही कधी एक तरी वाढवलाय का, तेवढं सांगा, मग बोलू.

एका क्रिस्टलचा मुद्दा म्हणाल तर तो पेपरचे रेफरी काढतात, इथे ब्लॉगवर पावडर पॅटर्न (अख्ख्या पावडरीची एक्स-रे तपासणी) कोण बघणारे. सीएस-टूचं म्हणाल तर ते ४६ अंशाला उकळतं आणि वाफ नुसत्या तापलेल्या नळीवरही पेटते हे मला माहीत आहे, म्हणूनच बर्फ लिहिलं होतं, पण टाकतो एक ओळ.

पुढची पोस्ट झँथेट या अशाच सल्फरवाल्या लिगंडवर आहे, तिथे पिरिडिन (निकेलला चिकटणारा नायट्रोजनवाला द्रव) घातलं की निकेल सहा हातांचं आणि पॅरामॅग्नेटिक, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन असलेलं, होतं, तेव्हा कमेंट करताना जरा आधी वाचून या.