गट नंबर मधोमध का नाहीत? पाणीसंस्थेच्या नकाशावरील रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत: गट नंबर शेताच्या मधोमध नाहीत, काही गटांवर एकच नंबर दोनदा आलाय, आणि नकाशा लहान केला की बारक्या शेतांचे नंबर दिसेनासे होतात. तुमच्या पाणीपुरवठा संस्थेचा ऑनलाइन नकाशा आम्हीच केलाय. संस्थेचे बाकीचे सभासदही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली तक्रार सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही ज्या गटाचं उदाहरण दिलंय तो ओढ्याकाठचा, काटकोनात वळलेला आहे. त्याचा नंबर रुंद भागात आहे, तुम्हाला तो मध्यावर हवाय. पण अशा आकाराचा गणिती मध्य, ज्याला सेंट्रॉइड म्हणतात, तो शेताच्या बाहेरही पडू शकतो. तुमच्या या गटाचा आम्ही काढून पाहिला. तो बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत येतो. रात्रीच्या पाळीला व्हॉल्व्ह उघडणारा माणूस मोबाइलवर नंबर बघून पाणी सोडतो. नंबर शेजाऱ्याच्या रानात दिसला तर पाणी कुठं जाईल आणि सकाळी भांडण कुणाच्या दारात येईल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

म्हणून आम्ही हद्दीच्या आतला असा बिंदू शोधतो, जो सगळ्या बांधांपासून जास्तीत जास्त लांब असेल. शेतात मावेल तेवढं सगळ्यात मोठं वर्तुळ काढलं, तर त्याचा जो मध्य तोच हा बिंदू. मॅपबॉक्स या नकाशांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने २०१६ साली सगळ्यांसाठी खुली केलेली पॉलिलेबल ही पद्धत नेमकं हेच करते. विहिरीचा किंवा वस्तीचा तुकडा हद्दीतून वगळलेला असेल तर तोही टाळते. ‘आत कुठेतरी’ बिंदू देणारी सोपी सोय डेटाबेसमध्ये असते, पण तो बिंदू बांधाला चिकटू शकतो आणि मग अर्धा नंबर पलीकडे जातो. ते आम्हाला चालणार नव्हतं. चौकोनी रानात आमचा बिंदू मधोमधच येतो, त्यामुळे तिथे तुम्हाला काही वावगं वाटलं नाही.

दोनदा नंबर आलेले गट कालव्याने दुभागलेले आहेत. एकाच तुकड्यावर नंबर ठेवला तर दुसरा तुकडा शेजारच्या गटातला समजला जातो. ते तसंच राहू द्या, अशी माझी विनंती आहे.

आता बारकी शेतं. आमचा नकाशा लीफलेट या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्यात झूमचा आकडा जितका मोठा तितकं शेत मोठं दिसतं. झूम १६ ला, सांगलीच्या अक्षांशावर, स्क्रीनवरचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ २.३ मीटर. वाटण्या होत होत २० मीटर रुंदीची उरलेली पूर्व-पश्चिम पट्टी तिथे ९ पिक्सेल उंच दिसते. आमची अक्षरं १२ पिक्सेलची. बळेच लिहिलं तर एका पट्टीचा नंबर दुसरीवर चढतो, आणि पोटहिस्सा अ की ब हेच वाचता येत नाही. झूम १८ ला तीच पट्टी ३५ पिक्सेलची होते आणि नंबर सुटसुटीत बसतो. अर्धवट वाचता येणारा नंबर दाखवण्यापेक्षा तो न दाखवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. घाईत असाल तर वरच्या शोधाच्या रकान्यात गट नंबर टाका, नकाशा थेट त्या शेतावर जाऊन थांबतो. (हद्दीचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेखची मोजणीच लागते. आमचा नंबर फक्त ओळखीपुरता.)

सगळे नंबर सरसकट मध्यावर आणण्याची तुमची सूचना म्हणूनच मी स्वीकारत नाही. पण पाणी सोडणाऱ्या मंडळींना एखाद्या गटाचा नंबर चटकन सापडत नसेल, तर त्याची जागा हाताने बदलता येते. पुढची पाळी सुरू होण्याआधी त्यांना घेऊन ऑफिसला या. ते सांगतील तसे ते गट त्यांच्यासमोरच दुरुस्त करू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.