अकरा कोटींचा वर्ग

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये एक मास्तर आहेत. दादरला क्लास घेतात. तिथली मुलं फी भरून ऐकतात, आम्ही पास काढून ऐकतो. डोंबिवली सुटली की दिवा जायच्या आत प्रश्न येतोच. परवाचा होता, "अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकराचा वर्ग किती?"

मी अकाउंट्समधला, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑफिसात गेल्यावर एक्सेलला विचारलं. उत्तर आलं 12345678987654300. मास्तरांना फोटो पाठवला. लगेच फोन! "अरे, 1 ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्याने कसा संपेल? चौथीतलं पोरगं सांगेल!" आता एक्सेल पंधरापुढचे आकडे लक्षात न ठेवता सरळ शून्यं चिकटवतं, त्याला मी काय करणार? पण बोलणी मला.

खरं उत्तर 12345678987654321. नऊपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातल्या स्थानांच्या नावांनी वाचून दाखवलं. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म... कोटीपर्यंत उतरेस्तोवर मुंब्र्याचा बोगदा संपला होता.

वर ही संख्या म्हणे आपल्या गावची. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांना अशा संख्यांचा विचार सुचला तो जी.आय.पी. (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आपल्या डोंबिवलीला. म्हणून या डेम्लो संख्या. त्याच फलाटावर मला आजवर इंडिकेटर खोटं बोलतोय यापलीकडे काहीही सुचलेलं नाही.

मास्तर थांबत नाहीत. "आकड्यांची बेरीज कर." केली, 81. "आता 81 ने भाग." सतरा आकडी संख्येला, चालत्या गाडीत, तोंडी! भाग निःशेष जातो, हे शेवटी त्यांनीच सांगितलं. 152415789971041. आणि हाही परत पूर्ण वर्ग, 12345679 चा. आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलंय. मास्तरांचा हर्ष तर डब्यात मावत नव्हता.

तेवढ्यात खिडकीतल्या जोशींनी नको ते विचारलं. "नऊ एक झाले, दहा एक घेतले तर?"

झालं! मास्तरांनी पेपरच्या कडेला पेन चालवलं. गुणाकार मांडला की मधल्या घरात बेरीज दहा होते. तिथे शून्य ठेवून हातचा एक डावीकडच्या नवाच्या अंगावर. त्याचेही दहा, तो आठावर रेलतो, आठाचा नऊ होतो. 1234567900987654321. नीट चढणारी रांग मोडली, डावीकडचा आठ गायब.

एवढ्यात ठाण्याला एक धिप्पाड गृहस्थ आमच्या भरलेल्या बाकाशी येऊन म्हणाले, "जरा सरकता का?" कडेचा मास्तरांवर, मास्तर माझ्यावर, मी जोशींवर.

"बघ," माझ्या बरगडीत कोपर रुतवत मास्तर म्हणाले, "हातचा आला!"