कचऱ्याचं बिल

एप्रिलपासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत सुरू झालं. ओला आणि सुका हे दोन डबे लोकांनी कसेबसे पचवले होते. आता सॅनिटरी कचरा वेगळा ठेवायचा, शिवाय जुनी औषधं, बॅटऱ्या, बल्ब, रंगाचे डबे यांच्यासाठी ‘विशेष काळजी’चा चौथा डबा. दोन दिवस घमासान झालं आणि चर्चा नेहमीच्या मुक्कामी पोचली: आपल्या लोकांना शिस्तच नाही. सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या दादाच्या गळ्यात पडलेलं आहे. त्याने मला साक्षीला ओढलं. “तूच सांग गं यांना, तिकडे अमेरिकेत लोक कसे मुकाट्याने करतात ते.”

मी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडमध्ये राहते. लोक करतात हे खरं आणि बऱ्यापैकी मुकाट्याने करतात हेही खरं. पण त्याचं श्रेय शिस्तीला द्यायला माझी तयारी नाही. आमच्या गल्लीतल्या माणसांमध्ये कोथरूडच्या माणसांपेक्षा जास्त नागरिकशास्त्र मुरलेलं आहे, असं मला एवढ्या वर्षांत कधी दिसलेलं नाही.

मुळात आमच्याकडे कचरा पालिका उचलत नाही. शहराने भाग वाटून दिलेल्या खासगी कंपन्या उचलतात, दर शहर ठरवतं आणि बिल घरी येतं. माझं महिन्याला चाळीस डॉलरांच्या आसपास जातं. हे बिल ठरतं ते फक्त एका डब्याच्या आकारावर, म्हणजे निव्वळ कचऱ्याच्या. तो सगळ्यात लहान वीस गॅलनचा मिळतो, सगळ्यात मोठा नव्वदचा, आणि आकार वाढला की बिल वाढतं. निळा डबा कागद, पत्रा आणि प्लॅस्टिकचा, हिरवा खरकट्याचा आणि बागेतल्या पालापाचोळ्याचा, पिवळी टोपली काचेची. या तिन्हींचे वेगळे पैसे नाहीत. वर आणखी एक पाचर आहे: २०११ पासून निळा-हिरवा दर आठवड्याला उचलतात आणि कचऱ्याचा डबा दोन आठवड्यांतून एकदा. त्या वेळी डायपरच्या वयाची मुलं असलेल्या घरांनी बराच आरडाओरडा केला होता. तो गैरही नव्हता.

आता विचार करा. खरकटं कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर ते पंधरा दिवस घराशेजारी कुजणार आणि डबाही लवकर भरणार. हिरव्यात टाकलं तर आठवड्यात गेलं. चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी, माशांचे काटे हिरव्यात टाकायला कुणाला संस्कार लागत नाहीत. नाक आणि पाकीट पुरतं.

निळ्या डब्याचं मात्र तसं नाही. तिथे नाक मदतीला येत नाही, पाकीट तर उलट दिशेने ओढतं, कारण जे काही निळ्यात कोंबाल ते फुकट जातं. आणि नियम असे की भल्याभल्यांनी हात टेकावेत. इंडियन ग्रोसरीतून आणलेला श्रीखंडाचा डबा धुऊन निळ्यात चालतो. लोणच्याची काचेची बरणी पिवळ्या टोपलीत. बासमतीची दणकट, चेन लावलेली देखणी पिशवी सरळ कचऱ्यात, आणि पोह्यांची पिशवीही तिथेच. प्लॅस्टिकच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात जो आकडा असतो, त्याकडे लक्षच देऊ नका, असं पालिका स्वतः सांगते. वस्तूचा आकार बघा, बाटली आहे की डबा एवढंच. पण वर्षानुवर्षं तो त्रिकोण बघून माणसांची समजूत झालेली असते की याचं काहीतरी होत असेल. मग निळ्या डब्यात दिव्यांच्या माळा जातात, पाण्याचे पाइप जातात, एकात एक कोंबलेल्या कॅरीबॅगा तर नेहमीच्याच. त्या कॅरीबॅगा छाननीच्या कारखान्यात यंत्रांच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळल्या जातात आणि कामगारांना यंत्र बंद करून सुऱ्यांनी कापून काढाव्या लागतात.

शिस्तीचा सिद्धांत खोटा आहे हे बघायचं असेल तर अपार्टमेंटांमध्ये जावं. तिथे डबे सामायिक, बिल भाड्यात मिसळलेलं, कोणी काय टाकलं ते कोणालाच कळत नाही. शहर तेच, माणसंही तीच. आज भाड्याच्या फ्लॅटमध्ये निळ्या डब्यात गादी टाकणारं जोडपं उद्या स्वतःच्या घरात दह्याचे डबे विसळून ठेवतं. आणि आमच्या मराठी मंडळींचं म्हणाल, तर दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल भाड्याने घ्यावा, दोनशे पानं उठावीत, आणि रात्री साडेदहाला हॉल रिकामा करून द्यायच्या घाईत पत्रावळी, चमचे, पाण्याच्या बाटल्या, उरलेली बासुंदी सगळं एकाच काळ्या पिशवीत. स्वयंसेवकांत सगळे इंजिनिअर. त्या हॉलच्या कचऱ्याचं बिल त्यांच्या घरी येत नाही.

बरं, इतकं करून निळ्या डब्यातलं जातं कुठे? बरीच वर्षं त्याचा मोठा भाग चीनला जात होता. २०१८ साली चीनने दार लावलं. अर्ध्या टक्क्याहून जास्त भेसळ असेल तर माल घेणार नाही म्हणाले. ऑरेगनमध्ये घराघरांतून विसळून, वेगळं करून दिलेला हजारो टन माल तेव्हा राज्याच्या परवानगीने जमिनीत गाडला गेला. म्हणजे लोकांनी आपलं काम केलेलं होतं, पुढे घेणारं कोणी नव्हतं. दादाच्या ग्रुपवर अमेरिकेच्या निळ्या डब्याचे फोटो टाकणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

ऑरेगनकडून खरंच काही उचलायचं असेल तर ते निळ्या डब्यातलं नाहीच, बाटलीतलं आहे. बाटलीवर ठेव घेण्याचा कायदा या राज्याने १९७१ मध्ये केला, अमेरिकेत पहिल्यांदा. पाच सेंट बाटलीमागे आधी द्यायचे, बाटली परत केली की परत मिळायचे. पाच सेंटला काही किंमत उरली नाही तसं लोकांनी बाटल्या परत करणं सोडलं आणि परतीचं प्रमाण ६४ टक्क्यांवर आलं. एप्रिल २०१७ मध्ये ठेव दहा सेंट केली आणि दोन वर्षांत ते ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. जाहिरात नाही, शपथ नाही, शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या नाहीत. फक्त पाचाचे दहा.

आपल्याला हे नवीन आहे का? किराणा दुकानात कोल्ड्रिंकच्या बाटलीचं डिपॉझिट ठेवून वाढलेली आमची पिढी. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत द्यायची तरतूद केली होती. डेअरीवाले नाराज, दुकानदारांना व्याप नको, आणि ते पन्नास पैसे ग्राहकाच्या हातात काही पडले नाहीत. तमिळनाडूतल्या नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि बाटली आणून दिली की परत देतात. गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली. म्हणजे कल्पना देशात आहे, रक्कम मात्र जाणवेल एवढी हवी. पन्नास पैशांसाठी कोण पिशवी धुऊन वाळवेल?

आता दादाच्या मूळ प्रश्नाकडे. चार डब्यांच्या गोंधळाला कंटाळून सोसायटीतल्या काहींचं म्हणणं असं, की ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या, दारावर कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना रजा द्यावी, ठेकेदार नेमावा, त्याची गाडी येईल, सगळं घेऊन जाईल, ‘तिकडच्यासारखं’. इथे मात्र मी हात जोडते.

पुण्याकडे जे आहे ते पोर्टलंडकडे नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, बाबा आढावांच्या आधाराने. त्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि पालिकेशी करार झाला. दारावर येणाऱ्या मावशी सुका कचरा हातात घेतात तेव्हा त्यातलं कुठलं प्लॅस्टिक कुठल्या जातीचं, भंगारवाला कशाला किती देईल हे त्यांना चुरगाळून, आवाजावरून कळतं. आमच्याकडचा कारखाना हेच काम प्रकाशकिरण आणि हवेच्या झोतांनी करतो, तेही बहुतेक सगळं एकत्र ओलं-चिकट होऊन आल्यानंतर. मालात भेसळ व्हायच्या आधी, दारातच तो वेगळा करणारं माणूस पुण्यात रोज सकाळी बेल वाजवतं. चीनने जी अट घातली ती या मावशींनी हसत पुरी केली असती.

सॅनिटरी कचऱ्याचंही तसंच. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्या कित्येक वर्षं मागत आल्या. २०१३ मध्ये तर त्यांनी वापरलेल्या पॅडनी भरलेल्या पिशव्या पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनाच पाठवून दिल्या, की बघा, हे आमच्या हाताला लागतं. आता तिसरा डबा कायद्यात आला आहे, तो त्यांनी आधीच मागितलेला आहे. सोसायटीतल्या लोकांना तो दिल्लीहून लादल्यासारखा वाटतो याची गंमत वाटते.

आणि पोर्टलंड कुठे चाललं आहे? इथेही बाटल्या-डबे गोळा करून दहा-दहा सेंट जमवणारी माणसं आहेत, पुष्कळशी बेघर. त्यांची ‘ग्राउंड स्कोअर’ नावाची संघटना २०१९ पासून उभी राहिली आहे, बाटल्या परत घ्यायचं स्वतःचं केंद्र चालवते. राज्याचा २०२१ चा पुनर्वापराचा कायदा २०२५ च्या जुलैपासून लागू झाला. वेष्टनात माल घालून विकणाऱ्या कंपन्यांनी खर्च उचलावा हा त्याचा गाभा, आणि त्यावरून घाऊक व्यापाऱ्यांची संघटना कोर्टातही गेली आहे. त्याच कायद्यात छाननी करणाऱ्या कामगारांना जगण्यापुरतं वेतन द्या असंही लिहावं लागलं. म्हणजे ऑरेगन पुण्याच्या दिशेने एक-दोन पावलं टाकत असताना दादाची सोसायटी ऑरेगनकडे निघाली आहे, तेही आमचा चुकलेला रस्ता धरून.

मावशी खाडे करतात ही दादाची तक्रार खरी आहे. पण त्यांना महिन्याला मिळतं काय? घरटी शुल्क, तेही दर महिन्याला दारोदार मागावं लागतं, आणि निम्मी घरं ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात. वर भंगाराचा भाव पडला की कमाई पडते. छाननी करायला फुटपाथ. मी दादाला सांगितलं, शुल्क मेंटेनन्समध्ये घाल, थोडं वाढव, जे घर न वेगळं करता देईल त्याच्याकडून दुप्पट घे, आणि मागच्या बाजूला पार्किंगची एक जागा, पत्र्याची सावली आणि नळ त्यांना दे. ठेकेदाराला द्यायचेत त्यापेक्षा कमीच लागतील.

ठराव पुढच्या बैठकीला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर आधीच लिहून टाकलं आहे: आम्ही मिळकतकर भरतो, मग हे पैसे पुन्हा कशाचे? मुंबईत २०२५ मध्ये पालिकेने घरटी शुल्काचा मसुदा काढला तेव्हाही हाच सूर होता. काका, मीही इथे प्रॉपर्टी टॅक्स भरते, आणि तो तुमच्यापेक्षा बराच जास्त आहे. कचऱ्याचे चाळीस डॉलर त्याच्यावर वेगळे.