पोपटाची नखं ‘मुळापासून’ कापायला सांगणारा मेसेज

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘पोपटाची नखं वाढलीत? डॉक्टरला पैसे देऊ नका, पाच मिनिटांत घरीच कापा!’ वर हिरव्या राघूचा फोटो, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: नखं वयामुळे वाढतात, काळजीचं काही नाही. रात्री दिवा घालवा, पोपट झोपेत असताना टॉवेलात घट्ट गुंडाळा. आपल्याच नेलकटरने मुळापासून कापा म्हणजे सहा महिने बघायला नको. रक्त आलंच तर चुना किंवा हळद दाबा. पुन्हा वाढू नयेत म्हणून दांडीला पॉलिश पेपर चिकटवा. आणि पक्षी हातात आहेच, तर चोचही छाटून घ्या.

घरी नखं कापता येतात, एवढं मान्य. माझ्याकडे कॉकटेल (कॉकॅटील, डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट) आहेत, त्यांची नखं मी घरीच कापते. पण हा मेसेज वाचून कुणी कामाला लागलं तर पक्ष्याला इजा होण्याची शक्यताच जास्त. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘वयामुळे वाढतात, काळजीचं काही नाही’

आधी नखं खरंच वाढलीत का ते बघा. खांद्यावर बसल्यावर टोचतं म्हणजे नख वाढलं असं नाही; ते नुसतं टोकदार असतं, आणि त्याला नेलफाइलचे दोन हात पुरतात. पक्ष्याला सपाट टेबलावर उभा करा आणि डोळे त्याच्या पायाच्या पातळीवर नेऊन बाजूने पाहा. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे असतात. चारही बोटं टेबलाला टेकली असतील तर नखं ठीक आहेत. नखामुळे बोट वर उचललं जात असेल, नख आकड्यासारखं आत वळलं असेल किंवा चालताना कापडात अडकत असेल, तर ती वाढलीत.

आता वाढली का? म्हातारा पक्षी कमी हलतो, त्याची नखं कमी झिजतात, हे खरं. पण तरुण पक्ष्याचीही वाढतात, आणि बहुतेक वेळा कारण पिंजऱ्यातच असतं: दुकानातून पिंजऱ्यासोबत आलेली गुळगुळीत, एकाच जाडीची प्लास्टिकची दांडी. तिच्यावर नख झिजणार कसं?

दुसरं कारण गंभीर आहे. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया किंवा नुसती कांगणी (राळे) खाणाऱ्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते. बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. यकृत बिघडलं की चोच आणि नखं दोन्ही वेडीवाकडी वाढायला लागतात. बजींमध्ये, म्हणजे आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणून घेतो त्यांच्यात, हे विशेष दिसतं. नखात किंवा चोचीत काळपट डाग दिसले तर ते रक्त साकळल्याचे असू शकतात. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच तयार होतात. म्हणजे ज्या पक्ष्याची नखं आजारामुळे वाढलीत, त्याचंच रक्त लवकर थांबत नाही. ‘काळजीचं काही नाही’ म्हणून कटर चालवायचं ते नेमकं याच पक्ष्यावर. पायावर किंवा चोचीच्या मुळाशी पांढरट खरबरीत पापुद्रा दिसला तर तो खरजेच्या किड्याचा असू शकतो, त्याला औषध लागतं. नखं अचानक भराभर वाढली, सोबत चोचही वाढली, पक्षी फुगून बसायला लागला, तर आधी तपासणी, नखं मागून.

‘रात्री दिवा घालवून झोपेत धरा’

यात अर्धं खरं आहे. अंधुक उजेडात पोपटाला नीट दिसत नाही, म्हणून पकडताना दिवा मंद करणं चांगलंच. पण कापायचं भरपूर उजेडात. अंधारात नख दिसणार नाही, मग कुठे थांबायचं ते कसं कळणार? शिवाय झोपेतून दचकलेला पक्षी काय करतो हे कॉकटेल पाळणाऱ्यांना विचारा. रात्री पाल सरकली तरी ही मंडळी पिंजऱ्यात धडका घेऊन पिसं रक्तबंबाळ करतात. त्यांना झोपेत हात घालून उचलायचं?

आपल्याकडे वेळ निवडायची ती उन्हावरून. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो. पक्ष्यांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ते अंग थंड करतात. त्यात पंखा बंद ठेवावा लागतो, कारण हातातून सुटलेला पोपट पहिला जातो तो फिरत्या पंख्यात. म्हणजे बंद खोली, बंद पंखा, वरून टॉवेल. हे काम उन्हाळ्यात सकाळी लवकरच करायचं, ऊन चढायच्या आत. खिडक्या लावायच्या, गॅसवर काही चढवलेलं नको.

‘टॉवेलात घट्ट गुंडाळा’

अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. नख खोल कापलं गेलं तर रक्त येतं, दुखतं, पण धडधाकट पक्षी सहसा त्यातून सावरतो. छाती आवळली तर तो हातातच जातो, तेही आवाज न करता.

माणसाला छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासपटल असतं. पक्ष्याला ते नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हा त्याच्या फुप्फुसातून हवा जाते. त्या हाडावर मूठ आवळली की श्वास थांबतो. पोपट शांत झाला असं वाटतं, आणि खरं तर तो गुदमरत असतो.

धरायचं ते असं. माणसं दोन हवीत, एक धरणारा आणि एक कापणारा. धरणाऱ्याने कापड मागून पाठीवर टाकायचं आणि अंगठा व तर्जनी जबड्याच्या दोन बाजूंना, गालाखाली, हलकेच टेकवायची, म्हणजे पक्ष्याला मान वळवून चावता येत नाही. बाकीची बोटं कापडावरून पंख नुसते मिटलेले ठेवण्यापुरती. छातीसमोर मोकळी जागा राहिली पाहिजे आणि छाती वरखाली होताना दिसली पाहिजे. धरणाऱ्याने नखांकडे बघायचंच नाही, पूर्ण वेळ चोच आणि छाती बघायची. चोच उघडून धाप लागली, शेपटी श्वासाबरोबर हलायला लागली, डोळे मिटायला लागले, की सोडून द्यायचं. आठातली दोनच नखं झाली असतील तर राहिलेली दुसऱ्या दिवशी. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. मेसेजमधली पाच मिनिटं त्याला फार होतात.

आणि टॉवेल कोणता? आपल्या गावचा टर्किश टॉवेल सगळ्या देशात जातो, भौगोलिक मानांकनही आहे त्याला, पण या कामाला तो नवाकोरा घेऊ नका. त्याच्या फाशांत वाढलेलं नख अडकतं, पक्षी पाय हिसडतो आणि नख उपटलं जातं किंवा बोट मुरगळतं. जुना, धुऊन धुऊन फासे गेलेला टॉवेल किंवा साधा मऊ पंचा बरा. सोलापुरी चादर तर नकोच. तिच्या वजनाखाली बजी कुठे आहे तेच सापडायचं नाही.

‘आपल्याच नेलकटरने, मुळापासून’

नेलकटरचं ठीक आहे. बजी, कॉकटेलसारख्या लहान पक्ष्यांना माणसाचं छोटं नेलकटर चालतं, फक्त धार हवी आणि ते पक्ष्यासाठी वेगळं ठेवलेलं हवं. बोथट कटरने नख चिरडून उभं फाटतं. मोठ्या पोपटाला मांजराच्या नखांसाठी मिळणारी कात्री घ्या.

‘मुळापासून’ मात्र साफ चूक. नखाच्या आत जिव्हाळी असते, तिच्यात रक्तवाहिनीही असते आणि मज्जातंतूही. फिक्या रंगाच्या नखामागे मोबाइलचा टॉर्च धरला की ती गुलाबी रेघ दिसते. तिच्या अलीकडे अंतर ठेवून कापायचं. काळ्या नखात टॉर्च लावूनही काही दिसत नाही. तिथे एक मिलिमीटरहून कमी टोक उडवायचं आणि थांबायचं, किंवा कटर बाजूला ठेवून नेलफाइलच वापरायची. कापताना पाय नाही, तेच एक बोट नखाच्या मुळाशी चिमटीत धरायचं. पोपट बोट आत ओढतोच, आणि पाय धरून कापायला गेलात तर त्या हिसक्यात कटर सरकतं.

नख जसं वाढतं तशी जिव्हाळीही पुढे सरकते. म्हणून फार वाढलेलं नख एका बैठकीत लहान करता येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं टोक काढत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे हटते. सहा महिने बघायला नको म्हणणाऱ्याला एवढा धीर नसेल तर त्याने कटर हातात घेऊ नये.

कापून झाल्यावर त्या दिवशी पक्ष्याला खालच्या दांडीवर बसवा. टोकं गेली की पकड सुटते, वरून घसरून पडतात.

(आदल्या रात्री पायांना खोबरेल तेल लावायचं, अशी या मेसेजची आणखी एक आवृत्ती आहे. नका लावू. तेल पिसांना लागतं, पिसं चिकटतात आणि थंडी-उन्हापासून राखण करायचं त्यांचं काम थांबतं.)

‘रक्त आलं तर चुना किंवा हळद’

पानाच्या डबीतला चुना दाहक असतो. दुखऱ्या पायाला पोपट चोच लावणारच, म्हणजे आधी जखम भाजते आणि मग जीभ. हळदीने रक्त थांबत नाही, वर सगळं पिवळं-तांबडं होऊन थांबलं की नाही तेही कळत नाही.

कॉर्नफ्लॉवर घ्या, नसेल तर मैदा. कापायला बसण्याआधीच वाटीत काढून ठेवायचा. पक्षी हातात असताना डबे शोधत फिरायचं नाही. नखाचं टोक त्यात दाबून बोटाने मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवा, मधेमधे उचलून बघू नका. रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर मिळाली तर उत्तम, पण ती फक्त नखाला, कातडीवरच्या जखमेला किंवा तुटलेल्या पिसाला नाही.

किती रक्त म्हणजे जास्त? पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं. ३५ ग्रॅमच्या बजीत साडेतीन मिलिलिटर, चमचाभरसुद्धा नाही. धडधाकट पक्ष्याला त्यातला दहावा भाग गेलेला झेपतो, म्हणजे सहा-सात थेंब. फरशीवरचे थेंब मोजायची वेळ आली, किंवा दहा मिनिटं दाबूनही थांबेना, तर दवाखाना गाठायचा.

‘दांडीला पॉलिश पेपर’

पोपट नखांवर उभा राहत नाही, तळव्यांवर राहतो. पॉलिश पेपर झिजवतो तो तळवा. कातडी सोलवटते, जंतू शिरतात, पाय सुजतो आणि ते दुखणं महिनोन्महिने हटत नाही. नखं तशीच.

त्याऐवजी झाडाच्या फांद्या लावा, कमी-जास्त जाडीच्या, सालासकट. कडुनिंब आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. पेरू चालतो, बाभूळही चालते, काटे काढून. फवारणी झालेली नको. घासून धुवायची आणि कडक उन्हात वाळवायची, तेवढं ऊन सोलापूरला फुकट आहे. जाडी एवढी की पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडू नयेत. रस्त्याच्या दुभाजकातली कण्हेर मात्र तोडून आणू नका, ती विषारी आहे. खरबरीत सिमेंटची दांडी ठेवायचीच तर एकच, आणि झोपायच्या जागी नाही.

‘चोचही छाटून घ्या’

नाही. चोचीत हाड आहे, रक्त आहे, संवेदना आहे. निरोगी पोपटाची चोच कुरतडण्यातच झिजते. वाढली असेल तर वर सांगितलेल्या आजारांची शंका घ्या आणि ती डॉक्टरच्याच हाती द्या.

आणि तो फोटो

मेसेजवरचा राघू, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला, आपला देशी पोपट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, मोठ्या पहाडी पोपटालाही. ‘आजोबांच्या काळापासून घरात आहे’ हे उत्तर चालत नाही. असा पक्षी घरात असेल तर त्याला एकदम गच्चीवरून उडवून देऊ नका; पिंजऱ्यात वाढलेल्याला ना खाणं शोधता येतं ना घारीपासून वाचता. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा. इथे नखांबद्दल जे लिहिलं ते बजी, कॉकटेल, आफ्रिकन लव्हबर्ड, कनूर अशा परदेशी पक्ष्यांपुरतं.

‘डॉक्टरला पैसे देऊ नका’

आपल्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गाई-म्हशी आणि कुत्री जास्त येतात, म्हणून निघण्याआधी फोनवर विचारा, ‘पक्षी बघता का?’ सकाळच्या वेळी न्या. पिंजऱ्यावर पातळ कापड टाका, पाण्याची वाटी काढून ठेवा, रिक्षात ती सांडतेच. रोज काय खातो ते सांगा, विष्ठेचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. आणि पहिल्याच भेटीत सांगा, ‘एक नख तुम्ही कापा, दुसरं तुमच्यासमोर मी कापते, कुठे चुकतं ते बघा.’