पोटचं पोर, रस्त्यावर सोडायचं पोर

गेल्या आठवड्यात तो मजकूर आधी मावशीकडून आला आणि संध्याकाळपर्यंत शाळेच्या ग्रुपवरही पोचला. थोडक्यात असा: ‘दत्तक घेतलेला कुत्रा दुसऱ्याला देणं म्हणजे पोटचं पोर टाकणं. कारणं सांगणारे सगळे खोटारडे. मोठा झालेला कुत्रा नव्या घरी अन्नाला शिवत नाही, झुरून मरतो. अगदीच जमत नसेल तर जिथून आणला तिथे सोडा, देशी आहे, जगेल. नाहीतर शेल्टरला द्या. आणि कुणाला दिलाच तर चौकशा करत बसू नका.’

सुरुवातीला पोटचं पोर आणि चार ओळींनी ते रस्त्यावर सोडायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर परत वाचलेला नसावा.

त्या खोटारड्यांपैकी मी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये मी माझी कुत्री खारी साताऱ्याला दिली.

‘कारणं सांगणारे सगळे खोटारडे.’ पुष्कळ असतात, हे आधी मान्य करते. ‘सोफ्यावर केस पडतात’ हे कारण कुत्रा आणल्यावर कुणाला सुचत असेल तर त्याने आणायलाच नको होता. ‘घरात बाळ येणार’ हेही बहुतेक वेळा कारण नसून घाबरलेल्या आजीचा हट्ट असतो. पण खारीचं ऐका. डिसेंबर २०२१ मध्ये ती आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीमागे सापडली, पाय मोडलेला, पाठीवर काठीचे वळ. पाय जुळला, वळ केसांखाली गेले, काठीची भीती मात्र राहिली. झाडूवालीच्या झाडूवर गुरगुरायची. आम्ही झाडू बदलला, वेळ बदलली, निभावलं. मग जानेवारी २०२४ मध्ये बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला.

त्या वॉकरवर ती धावून जायची. बाबांवर नाही, त्यांच्यावर तिचा जीव होता, वॉकरवर. पण वॉकर धरून उभ्या असलेल्या ७६ वर्षांच्या माणसाला हा फरक समजावून काय उपयोग? चार महिने आम्ही सगळं केलं. ट्रेनर झाला, वॉकरला चिकन बांधून झालं, तिला आतल्या खोलीत ठेवून झालं. ती दिवसभर बंद दाराशी, बाबा दिवसभर दाराकडे बघत. मे महिन्यात बाबाच म्हणाले, ‘तिच्यासाठी घर बघ. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.’

‘जिथून आणला तिथे सोडा, देशी आहे, जगेल.’ या एका वाक्याचा मला खरा राग आहे. ते कुठून आलं असावं याचा अंदाज आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जिथून उचललं त्याच भागात परत सोडतात. ते रस्त्यावरच राहणाऱ्या, काही दिवसांसाठी उचलून नेलेल्या कुत्र्यांसाठी आहे. अडीच वर्षं दिवाणावर झोपलेल्या कुत्रीला बेकरीमागे सोडलं तर तिथे एव्हाना दुसऱ्याच टोळीचं राज्य असतं. त्यांच्या लेखी ती घुसखोर. पळायचं कुठे, कुठल्या गाडीखाली सावली मिळते, कोण पाव टाकतं आणि कोण दगड, यातलं तिला काही ठाऊक नसतं. शिवाय रेबीजची सुई दरवर्षी द्यावी लागते. तिथे ती कोण देणार?

कायदाही बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११व्या कलमात, योग्य कारणाशिवाय, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात खारीचा एक बरा पुडाही येत नाही. (बिस्किटाबद्दल बोलतेय.) तेव्हा दंडाच्या धाकाने कुणी थांबत नाही. आणि ‘टाकली पोर’ म्हणून चारचौघांत हिणवून घेण्यापेक्षा लोक रात्री अकराला गाडी काढून घाटाच्या पायथ्याशी दार उघडतात. म्हणून असले मजकूर मला निरुपद्रवी वाटत नाहीत. जो उघडपणे घर शोधतो त्यालाच ते शिव्या घालतात. अंधारात सोडणारा कुणाला सांगायला जातच नाही.

‘शेल्टरला द्या.’ काही शेल्टर चांगली आहेत आणि तिथली माणसं दमलेली आहेत. ती जागा अपघात झालेल्या, आजारी जनावरांसाठी असते आणि बहुधा भरलेली असते. आजारी कुत्र्यांच्या शेजारी पार्वो, डिस्टेंपर अशा जीवघेण्या संसर्गजन्य रोगांची भीती असतेच. घरात वाढलेला कुत्रा पिंजऱ्यात ठेवला की त्याचा स्वभाव बिघडू शकतो आणि मग त्याला सहसा कुणी घेत नाही.

‘चौकशा करत बसू नका.’ मी नेमकं उलट सांगेन: लाज सोडून चौकशा करा. एकाला ती फार्महाऊसवर हवी होती, दिवसा साखळीला, रात्री मोकळी. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, पिल्लं होतील ना? नसबंदी झालीय म्हटल्यावर फोन कट. एक जोडपं फार आवडलं होतं, पण घर भाड्याचं आणि मालकाचं लेखी काही नाही. पाळीव कुत्र्यावर सोसायटी ठराव करून बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. पण अकरा महिन्यांनी करार वाढवायचा की नाही हे मालकच ठरवतो. मग कुत्रा पुन्हा दाराबाहेर. मी नाही म्हटलं.

चौकशीची दुसरी बाजू मात्र मीच चुकवली. पहिल्या जाहिरातीत ‘काठीला घाबरते’ हे मी लिहिलंच नाही. प्रेमळ, शहाणी, सगळ्या लसी झालेल्या, एवढंच लिहिलं. वाटलं, आधी जीव लागू दे, मग सांगू. जूनमध्ये एका कुटुंबाने तिला नेलं. चौथ्या दिवशी पाऊस आला, आजोबांनी छत्री उचलली आणि खारीने छत्रीचा चावा घेतला. आजोबा थोडक्यात वाचले. ते लोक रागावले नाहीत, तिला आणून सोडलं आणि फक्त म्हणाले, ‘ताई, सांगायला हवं होतं.’

दुसऱ्या जाहिरातीची पहिलीच ओळ काठी, छत्री आणि वॉकरची होती. फोन कमी आले. त्यातला एक साताऱ्याच्या निवृत्त शिक्षक जोडप्याचा. काकूंनी विचारलं, ‘आमच्याकडे दोरीवरचे कपडे काढायला काठी आहे. ती लपवू का?’ जाऊन घर पाहिलं, कुंपण पाहिलं, त्यांचा म्हातारा बोका-स्वभावाचा कुत्रा पाहिला. साध्या कागदावर करार केला. त्यातलं महत्त्वाचं कलम एकच: जमलं नाही तर ती परत माझ्याकडे येईल, दुसऱ्या कुणाकडे नाही.

‘अन्नाला शिवत नाही, झुरून मरतो.’ पहिले दोन दिवस खारी फक्त पाणी प्यायली. मी फोनवर रडत होते आणि काका शांतपणे सांगत होते की दिवाणाखाली आहे, शेपूट बाहेर आहे. तिसऱ्या दिवशी तिने म्हाताऱ्याच्या ताटलीतली दहीपोळी खाल्ली. कुत्रे सांभाळणाऱ्यांमध्ये तीनाचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. तो ठोकताळाच आहे, प्रत्येक कुत्र्याचं घड्याळ वेगळं. पण कुत्रा जेवण सोडतो ते बहुधा काही दिवसांपुरतं. दोन दिवसांपुढे गेलं किंवा पाणीही सोडलं तर डॉक्टर गाठायचा. आम्ही तिच्यासोबत तिची न धुतलेली चादर आणि दोन आठवड्यांचं नेहमीचं खाणं दिलं होतं. खरा धोका उपासाचा नसतो, पहिल्या काही दिवसांत निसटून पळण्याचा असतो. म्हणून काका तिला दोन पट्टे लावून फिरवायचे, एक गळ्याला, एक छातीभोवतीच्या हार्नेसला, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर दोघांचे फोन नंबर होते.

झुरलं कोण म्हणाल तर बाबा. ते अजून संध्याकाळी सहाला पोळीचा तुकडा बाजूला काढतात.

हे सगळं मी मावशीला लिहून पाठवलं नाही, फोन केला. मावशी ७४ वर्षांची, डोंबिवलीला एकटी राहते, तिचा कुत्रा मोती पाच वर्षांचा. म्हटलं, ‘तुझ्यानंतर मोतीचं काय, कुणाचं नाव लिहून ठेवलंयस?’

‘तुझं,’ ती म्हणाली. ‘त्यात विचारायचं काय?’

पुढच्या महिन्यात त्याला घेऊन पुण्याला ये म्हटलंय. वॉकरशी त्याचं जमतं का ते आधी बघू.